डीन स्विफ्ट : हास्यामागचा हिशेब

२७ ऑक्टोबर १७२४ रोजी डब्लिन शहरात आयर्लंडचा राजप्रतिनिधी लॉर्ड कार्टरेट याचा एक जाहीरनामा प्रसिद्ध झाला. एका कापडविक्याच्या नावाने निघालेल्या चौथ्या पत्रकात राजद्रोही मजकूर असून त्याच्या लेखकाचा पत्ता देणाऱ्यास ३०० पौंडांचे बक्षीस मिळेल, असे त्यात घोषित केले होते. त्या काळी गरीब कारागिराच्या कुटुंबाला ही रक्कम कित्येक वर्षे पुरली असती. लेखक कोण हे डब्लिनमधील लहानथोरांना ठाऊक होते. खुद्द कार्टरेटलाही ते ठाऊक असावे, कारण तो त्या लेखकाचा जुना स्नेही होता. तथापि बक्षीस मागण्यास एकही माणूस पुढे आला नाही. हा तथाकथित कापडविक्या म्हणजे सेंट पॅट्रिक कॅथीड्रलचा डीन, जोनाथन स्विफ्ट.

मराठी वाचकाला स्विफ्ट माहीत असतो तो गलिव्हरच्या संक्षिप्त, सचित्र आवृत्तीमुळे. वीतभर उंचीच्या माणसांनी दोरांनी जखडून टाकलेला गलिव्हर शाळकरी वयातच भेटतो आणि त्या वयातच मागे राहतो. ज्या ग्रंथाने आपल्या काळातील मंत्री, राजे, पंडित आणि वकील यांची साले काढली, तो ग्रंथ पुढे बालवाङ्मयाच्या कपाटात जाऊन बसावा, हा वाङ्मयाच्या इतिहासातील एक चमत्कारच म्हटला पाहिजे. राजकीय विनोदाची गोडी सर्वत्र आणि सर्वकाळ आहे. सत्ताधाऱ्यांची फजिती वाचून होणारा आनंद साधा, सुलभ आणि पुष्कळदा फुकट असतो. परंतु त्या आनंदातून पुढे काही निष्पन्न होते काय, की हसून झाल्यावर वाचक अधिकच निर्धास्तपणे झोपी जातो, हा प्रश्न उरतोच. या प्रश्नाचा विचार करण्यास स्विफ्टचे चरित्र जितके उपयोगी पडते तितके क्वचितच दुसऱ्या कोणाचे पडेल. याचे कारण असे की, उपहासाचे एकच शस्त्र घेऊन तो एका लढाईत जिंकला आणि दुसरीत हरला.

आश्रिताचे शिक्षण

स्विफ्टचा जन्म ३० नोव्हेंबर १६६७ रोजी डब्लिनमध्ये झाला. त्याचे घराणे मूळचे इंग्लंडमधले. वडील त्याच्या जन्मापूर्वीच वारले होते. चुलत्याच्या आधाराने तो किल्केनीच्या शाळेत आणि पुढे डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजात शिकला. तेथे त्याने विद्येत विशेष चमक दाखविली असे नाही. १६८६ साली त्याला पदवी मिळाली तीही विशेष मेहेरबानी म्हणून. दुसऱ्याच्या उपकारावर वाढलेल्या बुद्धिमान मुलाच्या मनात जो एक काटा सलत राहतो, तो स्विफ्टच्या मनात अखेरपर्यंत राहिला. १६८९ मध्ये आयर्लंडातील धामधुमीमुळे तो इंग्लंडला आला आणि सर विल्यम टेंपल या निवृत्त मुत्सद्द्याचा चिटणीस झाला. सरे परगण्यातील टेंपलच्या मूर पार्क येथील वाड्यात मध्यंतरीचा काळ वगळता त्याने दहा वर्षे काढली. तेथे त्याने अफाट वाचन केले आणि राजकारणी माणसे घरच्या वेषात कशी दिसतात तेही पाहिले. त्याच घरात एस्थर जॉन्सन नावाची लहान मुलगी होती. तिला त्याने लिहायला-वाचायला शिकविले. पुढे ‘स्टेला’ या नावाने ती त्याची आयुष्यभराची सखी झाली. त्या दोघांच्या नात्याविषयी चरित्रकारांनी पुष्कळ शाई खर्च केली आहे. तिच्यावाचून त्याचे जग रिकामे होते, एवढे कळले तरी पुरे.

टेंपल १६९९ मध्ये निवर्तला. स्विफ्टने त्यापूर्वीच धर्मोपदेशकाची दीक्षा घेतली होती. आयर्लंडमधील लॅराकॉर या खेड्याची वृत्ती त्याला मिळाली. प्रार्थनेला जेमतेम पंधरा-वीस माणसे येणारे ते देवालय, आणि लंडनच्या राजकीय वर्तुळाकडे डोळे लावून बसलेला तो उपाध्याय, असा हा विजोड संसार होता. १७०४ मध्ये त्याचे ‘ए टेल ऑफ ए टब’ हे पुस्तक निनावी प्रसिद्ध झाले. धर्मपंथांतील भांडणांची त्यात केलेली टवाळी इतकी धारदार होती की, तिच्यामुळे राणी ॲनची त्याच्यावर कायमची इतराजी झाली आणि इंग्लंडमध्ये बिशप होण्याची त्याची संधी हुकली, असे मानले जाते. उपहासाची किंमत स्विफ्टने पहिल्या पुस्तकापासूनच मोजली.

ज्योतिष्याचे मरण

१७०८ सालचे एक प्रकरण मात्र निर्भेळ मौजेचे आहे. लंडनमध्ये जॉन पार्ट्रिज नावाचा एक पंचांगकर्ता होता. दरवर्षी राजांच्या, सरदारांच्या मृत्यूची भाकिते छापून तो पोट भरी. शिवाय तो व्हिग पक्षाचा कट्टर अभिमानी होता आणि पंचांगाच्या आडून धर्मसंस्थेवर तोंडसुख घेत असे. स्विफ्टने आयझॅक बिकरस्टाफ या कल्पित ज्योतिष्याच्या नावाने एक भविष्य छापले. त्यात इतर भाकितांबरोबर, पार्ट्रिज हा २९ मार्च रोजी रात्री अकराच्या सुमारास तापाने मरणार, असे गंभीरपणे सांगितले होते. ती तारीख उलटताच दुसरे पत्रक निघाले. पार्ट्रिजच्या मृत्यूचा साद्यंत वृत्तांत त्यात होता आणि भविष्याची वेळ काही तासांनी चुकल्याची प्रांजळ कबुलीही होती. बिचारा पार्ट्रिज आपण जिवंत असल्याचे पुढच्या पंचांगात छापून सांगू लागला. त्यावर बिकरस्टाफने उत्तर प्रसिद्ध करून त्याचे मरण तर्कशास्त्राने सिद्ध केले. त्याचा एक पुरावा असा की, असले भिकार लिखाण कोणी जिवंत माणूस करणे शक्यच नाही!

ही केवळ थट्टा नव्हती. थापेबाजाने वापरलेलीच भाषा, त्याचाच आविर्भाव आणि त्याचीच छापील अधिकारवाणी घेऊन ती त्याच्यावर उलटवायची, हे स्विफ्टचे तंत्र येथे प्रथम पूर्णत्वास आले. लंडनने हे प्रकरण इतके डोक्यावर घेतले की, रिचर्ड स्टील याने १७०९ मध्ये ‘टॅटलर’ हे नियतकालिक सुरू केले ते बिकरस्टाफचेच नाव उसने घेऊन.

मंत्र्यांच्या पंगतीत

आयर्लंडच्या धर्मोपदेशकांवरील एक जुना कर माफ करून घेण्यासाठी स्विफ्टला लंडनला पाठविण्यात आले होते. व्हिग मंत्र्यांनी त्याला ताटकळत ठेवले. १७१० मध्ये टोरी पक्ष सत्तेवर आला आणि त्याचा नेता रॉबर्ट हार्ली याने ते काम करून दिले. हार्लीला लेखणीचे सामर्थ्य नेमके कळत होते. स्विफ्ट टोरींचा झाला आणि ‘एक्झामिनर’ या सरकारपक्षीय पत्राचे लेखन करू लागला. नोव्हेंबर १७११ मध्ये त्याची ‘द कंडक्ट ऑफ द अलाइज’ ही पुस्तिका निघाली. फ्रान्सशी चाललेल्या दीर्घ युद्धाचा खर्च कोण सोसतो आणि नफा कोणाच्या पेटीत जातो, याचा हिशेब त्याने मांडला. युद्धासाठी काढलेल्या सार्वजनिक कर्जाचे व्याज शहरातील सावकारांना मिळते आणि ते फेडण्यासाठीचा कर खेड्यातील जमीनधारक भरतो, हे सूत्र त्याने इतक्या सोप्या शब्दांत सांगितले की, दोन महिन्यांत पुस्तिकेच्या ११ हजार प्रती खपल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस सेनापती मार्लबरो पदच्युत झाला आणि १७१३ मध्ये युट्रेख्टचा तह झाला. हे सारे एका पुस्तिकेने घडविले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल, परंतु लोकमताची जमीन तिने नांगरून ठेवली होती यात संशय नाही.

या काळातील स्विफ्ट सत्तेचा भाट होता काय, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर सोयीचे नाही. तो पक्षाचा माणूस होता, विरोधकांवर त्याने अन्यायही केले आणि मंत्र्यांच्या पंगतीतील मानाचे पान त्याला आवडत होते. किंबहुना, सत्तेच्या सावलीत बसून केलेला उपहास कितीही चतुर असला तरी त्याला एक मर्यादा पडते, हे त्याच्या लंडनमधील चार वर्षांवरून दिसते. पुढे जे अमर ठरले ते लिखाण सत्ता गेल्यानंतरचे आहे. १७१३ मध्ये त्याला बक्षीस मिळाले ते इंग्लंडमधील बिशपपदाचे नव्हे, डब्लिनच्या डीनपदाचे. १ ऑगस्ट १७१४ रोजी राणी ॲन वारली, टोरी पक्ष कोसळला, हार्ली कैदेत पडला आणि त्याचा सहकारी बोलिंगब्रोक फ्रान्सला पळाला. वयाच्या ४६ व्या वर्षी स्विफ्ट आपल्या जन्मगावी परत आला तो हद्दपार झाल्याच्या भावनेने. पुढची पाच-सहा वर्षे त्याने राजकारणावर जवळजवळ काहीच प्रसिद्ध केले नाही.

पारतंत्र्याचे अर्थशास्त्र

या मौनाच्या काळात त्याने डब्लिनच्या गल्ल्या पाहिल्या. कॅथीड्रलच्या भोवतालीच विणकरांची वस्ती होती. १६९९ च्या कायद्याने आयर्लंडच्या लोकरी कापडाची परदेशी निर्यात बंद करण्यात आली होती. त्यापूर्वीच आयरिश गुरांना इंग्लंडची बाजारपेठ बंद झाली होती. मोठे जमीनदार लंडनमध्ये राहत आणि खंडाचा पैसा तिकडे खर्च करीत. देशाला स्वतःची टांकसाळ नव्हती. म्हणायला पार्लमेंट होते, परंतु १७२० मध्ये वेस्टमिन्स्टरने कायदा करून आयर्लंडसाठी कायदे करण्याचा आपला अधिकार घोषित केला. वसाहतीचे अर्थकारण म्हणजे काय, हे समजून घेण्यासाठी याहून स्वच्छ उदाहरण सापडणे कठीण.

त्याच वर्षी स्विफ्टने निनावी पत्रक काढून आयरिश लोकांनी आयरिश मालच वापरावा आणि इंग्रजी कापडावर बहिष्कार घालावा, असे आवाहन केले. आपल्याकडे स्वदेशीचा विचार रुजण्याच्या दीडशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. सरकारने मुद्रक एडवर्ड वॉटर्स याच्यावर खटला भरला. पंचांनी त्याला निर्दोष ठरविले, तेव्हा मुख्य न्यायाधीश व्हिटशेड याने त्यांना पुन्हा विचार करण्यास परत पाठविले. असे नऊ वेळा घडले. अकरा तासांनंतर थकलेल्या पंचांनी निर्णय न्यायाधीशावर सोपविला. खटला अखेर काढून घेतला गेला. परंतु लेखक निनावी राहतो आणि तुरुंगाची वाट मुद्रकाला धरावी लागते, हा धडा डब्लिनला मिळाला.

तांब्याच्या नाण्यांचे प्रकरण

आणि मग आले वुडच्या नाण्यांचे प्रकरण. आयर्लंडमध्ये सुट्या नाण्यांची टंचाई होती हे खरे. १७२२ मध्ये वुल्व्हरहॅम्प्टनच्या विल्यम वुड या लोखंडाच्या व्यापाऱ्याला १४ वर्षांत १ लाख ८०० पौंड किमतीची तांब्याची अर्धी व पाव पेनीची नाणी पाडण्याचा मक्ता देण्यात आला. हा मक्ता राजाची मर्जीतली स्त्री, डचेस ऑफ केंडल, हिला मिळाला होता. तिने तो वुडला १० हजार पौंडांना विकला. आयर्लंडच्या पार्लमेंटला कोणी विचारले नव्हते. देशातील एकूण चलन सुमारे ४ लाख पौंडांचे धरले जाई. त्यात एक चतुर्थांश इतके हलके तांबे ओतले म्हणजे सोने-चांदी देशाबाहेर जाणार, ही भीती अर्थशास्त्राच्या दृष्टीने अगदीच निराधार नव्हती. वाईट नाणे चांगल्या नाण्याला हुसकून लावते, हा नियम व्यापाऱ्याला ग्रंथ वाचून शिकावा लागत नाही.

१७२४ मध्ये स्विफ्टने ‘एम. बी., कापडविक्या’ या सहीने पत्रके काढण्यास आरंभ केला. ग्रीक-लॅटिनचा हा पंडित दुकानदाराच्या बोलीत लिहू लागला. सहामाहीचा खंड तांब्यात वसूल करणाऱ्या बड्या जमीनदाराला तो घरी आणण्यासाठी अडीचशे घोडे लागतील आणि सरदाराची पत्नी कापड खरेदीला निघाली तर मागून नाण्यांची गाडी न्यावी लागेल, अशी चित्रे त्याने रंगविली. वाचक हसला, आणि हसता हसता त्याने चलनशास्त्राचा पहिला पाठ घेतला. त्याच पत्रात कायद्याचा साधा मुद्दा होता : सोन्या-चांदीखेरीज दुसरे कोणतेही नाणे स्वीकारण्याची सक्ती राजालाही करता येत नाही. तेव्हा करावयाचे काय, तर काहीच नाही! कोणी वुडचे नाणे पुढे केले तर ते घ्यायचे नाही. यासाठी शस्त्र नको, सभा नको, वर्गणी नको. दूधवाली, खाटीक, विणकर, सावकार, ज्याच्या त्याच्या हातात तो नकार होता. व्यापारी संघांनी ही नाणी न घेण्याचे ठराव केले.

येथे न्यायाची एक गोष्ट नमूद केली पाहिजे. टांकसाळीचा प्रमुख सर आयझॅक न्यूटन याने वुडची नाणी तपासून ती करारात ठरल्याप्रमाणे असल्याचा निर्वाळा दिला होता. नाणे निव्वळ कचरा आहे, हे स्विफ्टचे म्हणणे अतिशयोक्त होते. परंतु वादाचे मूळ धातूच्या कसात नव्हते. एका देशाचे चलन दुसऱ्या देशातील दरबारी व्यक्तीने तिसऱ्याला विकावे आणि ज्यांच्या खिशात ते पडणार त्यांचा शब्दही घेऊ नये, हा खरा प्रश्न होता. चौथ्या पत्रात स्विफ्टने तोच काढला. शासितांच्या संमतीवाचून चालणारे राज्य म्हणजे गुलामगिरीच, हे त्याने तांब्याच्या तुकड्यावरून सिद्ध केले. त्यामुळेच ३०० पौंडांचे बक्षीस लागले.

मुद्रक जॉन हार्डिंग तुरुंगात गेला. पुन्हा व्हिटशेडने पंचांना दटावले, पुन्हा पंचांनी ऐकले नाही, तेव्हा त्याने ते मंडळच बरखास्त केले. नवे पंच आले आणि त्यांनी उलट वुडच्या नाण्यांविरुद्धच लेखी मत दिले. बायबलमधील जोनाथन नावाच्या वीराला लोकांनी राजाने फर्मावलेल्या मृत्युदंडातून सोडविल्याची कथा त्या दिवसांत डब्लिनमध्ये सूचकपणे सांगितली जात होती. पंतप्रधान वॉलपोल याने नाण्यांचा आकडा ४० हजार पौंडांवर आणून पाहिला, पण निभाव लागला नाही. १७२५ मध्ये मक्ता रद्द झाला. वुडला भरपाई म्हणून दरसाल ३ हजार पौंड देण्याचे ठरले आणि तोही भार गुपचूप आयर्लंडच्याच खजिन्यावर टाकण्यात आला! हार्डिंग त्याच वर्षी मरण पावला. विजयाच्या कथेत या मुद्रकाचे नाव सहसा घेतले जात नाही. उपहासाचा आनंद ज्यांनी लुटला त्यांचे देणे प्रथम त्याचे होते.

गलिव्हर

याच वर्षांत ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’ आकार घेत होते. हस्तलिखित दुसऱ्याच्या अक्षरात उतरवून, अंधारात भाड्याच्या गाडीतून प्रकाशकाच्या दारी टाकण्यात आले. २८ ऑक्टोबर १७२६ रोजी पुस्तक निघाले आणि पहिली आवृत्ती आठवड्यात संपली. लिलिपुटच्या दरबारात मंत्रिपद मिळते ते दोरीवर उंच उडी मारणाऱ्याला. अंडे कोणत्या टोकाने फोडावे यावरून तेथे युद्धे होतात. उंच टाचांचा पक्ष आणि बुटक्या टाचांचा पक्ष एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. दोरीवर सर्वांत उंच उडणारा खजिनदार म्हणजे वॉलपोल, हे लंडनला लगेच कळले. लगाडोच्या विद्यापीठात काकडीतून सूर्यकिरण काढण्याचे संशोधन वर्षानुवर्षे अनुदानाच्या आशेवर चालते. हे वाचताना आजच्या प्राध्यापकालाही हसू येते आणि थोडे अवघडल्यासारखे होते.

प्रकाशकाने भीतीपोटी काही मजकूर बदलला. १७३५ च्या डब्लिन आवृत्तीत तो बराचसा सुधारला गेला. मात्र तरंगत्या बेटाच्या राजाविरुद्ध लिंडालिनो नगराने केलेल्या यशस्वी बंडाचा भाग तेव्हाही गाळलेलाच राहिला. ते बंड म्हणजे वुडच्या नाण्यांविरुद्धचा लढा होता. तो भाग छापला गेला १८९९ मध्ये, म्हणजे लेखकाच्या मृत्यूनंतर दीडशे वर्षांनी.

हरलेली लढाई

जानेवारी १७२८ मध्ये स्टेला वारली. त्या सुमारास आयर्लंडमध्ये ओळीने पिके बुडत होती. डब्लिनच्या रस्त्यांवर पोरे कडेला घेऊन भीक मागणाऱ्या स्त्रियांची रांग लागली होती. सुधारणेच्या योजनांची पत्रके मात्र रोज निघत. विल्यम पेटी याने सतराव्या शतकात राजकीय अंकगणिताचे शास्त्र काढले होते आणि माणसाची किंमत पौंडांत मांडून दाखविली होती. १७२९ मध्ये स्विफ्टने तेच अंकगणित हाती घेऊन ‘ए मॉडेस्ट प्रपोजल’ हे छोटे पत्रक लिहिले. दरसाल गरिबांच्या पोटी सव्वा लाखाच्या आसपास मुले जन्मतात. त्यांतील २० हजार वंशवृद्धीसाठी ठेवावी आणि १ लाख मुले वर्षाची होताच श्रीमंतांच्या जेवणासाठी विकावी. वाढविण्याचा खर्च दोन शिलिंग, विक्रीची किंमत दहा शिलिंग, नफा आठ शिलिंग. लेखक अत्यंत सभ्य, देशहितैषी आणि निःस्वार्थी आहे. त्याचे स्वतःचे धाकटे मूल नऊ वर्षांचे असल्यामुळे या योजनेतून त्याला दमडीही मिळणार नाही!

हे पत्रक वाचताना ओठांवर आलेले हसू तेथेच गोठते. आकडेमोडीत कोठेही चूक नाही आणि नेमकी तीच गोष्ट अंगावर येते. जमीनदारांनी आईबापांना खाल्लेच आहे, मग मुलांवरही त्यांचाच पहिला हक्क, असा त्याचा रोख आहे. शेवटी, परदेशी राहणाऱ्या जमीनदारांवर कर, स्वदेशी मालाचा वापर, कुळांविषयी थोडी दया, असे खरे उपाय तो एकामागून एक मोजतो आणि ते कोणी अमलात आणणार नाही म्हणून त्यांची चर्चाही नको, असे बजावतो. ते सारे उपाय त्याने गेल्या दहा वर्षांत स्वतःच सुचविलेले होते.

पत्रक गाजले. परिस्थिती तसूभर बदलली नाही. १७४० आणि १७४१ मध्ये आयर्लंडमध्ये भीषण दुष्काळ पडून लाखो माणसे मेली. तेव्हा नाण्यांच्या प्रकरणात जिंकलेला उपहास येथे का हरला, हा प्रश्न महत्त्वाचा आहे. वुडचे नाणे नाकारताना व्यापारी, जमीनदार आणि कारागीर यांचे हित एकच होते, आणि नकार देण्यास खर्च येत नव्हता. भुकेच्या प्रश्नात दोषी माणूस लंडनमध्ये नव्हता, तो वाचकांतच बसलेला होता. खंड कमी करायचा तर त्याच्या खिशाला चाट बसणार होती. परक्याच्या अंगावरचा उपहास वाचकाला जितका रुचतो, तितका स्वतःच्या अंगावरचा रुचत नाही. त्या वेळी तो लेखकाच्या शैलीची तारीफ करतो आणि पान उलटतो. खुद्द स्विफ्टचीही दृष्टी एका ठिकाणी आखडली होती. बहुसंख्य कॅथलिक जनतेच्या हालांनी तो कळवळला, तरी तिला राजकीय हक्क द्यावेत असे त्याने कधी म्हटले नाही, आणि स्वतःच्या पंथाबाहेरील प्रॉटेस्टंटांना सरकारी जागा देण्यासही त्याचा विरोध होता.

गाजावाजा नसलेले काम

तथापि डीनने हसण्यावर सारे सोडून दिले नाही, ही त्याच्या चरित्रातील सर्वांत कमी ज्ञात आणि कदाचित सर्वांत मोलाची गोष्ट आहे. स्वतःच्या मिळकतीतून शिल्लक पडलेले पहिले ५०० पौंड त्याने गरीब, कष्टाळू कारागिरांना पाच-पाच, दहा-दहा पौंडांच्या कर्जांच्या रूपाने वाटले. व्याज नाही. फेड दर आठवड्याला दोन किंवा चार शिलिंगांची. तारण म्हणून शेजाऱ्यांची हमी. तो दानशूर होता, पण भोळा नव्हता. वसुलीत तो कडक असे, कारण एकाने बुडविलेला पैसा दुसऱ्या विणकराचा माग बंद पाडतो हे त्याला समजत होते. पुढे एकोणिसाव्या शतकात आयर्लंडमध्ये असे शेकडो कर्जनिधी उभे राहिले. बांगलादेशातील ग्रामीण बँक आणि महाराष्ट्रातील खेडोपाडीचे महिला बचत गट ज्या तत्त्वावर चालतात, ते तारणाऐवजी शेजाऱ्याच्या शब्दावर विसंबण्याचे तत्त्व डब्लिनच्या डीनने सुमारे तीनशे वर्षांपूर्वी वापरून पाहिले होते.

अखेरची वर्षे दुःखाची गेली. तरुणपणापासून त्याला भोवळ आणि बहिरेपणा यांचे झटके येत. ती कानातील व्याधी होती, असे आजचे वैद्यक मानते. हळूहळू स्मृती गेली आणि वाचाही गेली. १७४२ मध्ये त्याचा कारभार पाहण्यासाठी पालक नेमावे लागले. १९ ऑक्टोबर १७४५ रोजी तो वारला आणि सेंट पॅट्रिकमध्ये स्टेलाच्या शेजारी त्याला पुरण्यात आले. मृत्युपत्राने त्याने जवळजवळ सारी संपत्ती मनोरुग्णांसाठी इस्पितळ बांधण्यास दिली होती. त्या काळी अशा रुग्णांना साखळदंडाने बांधून तमाशासारखे दाखविले जाई. १७५७ मध्ये तेथे रुग्ण घेण्यास सुरुवात झाली आणि ते इस्पितळ आजही चालू आहे. ज्याला लोक मनुष्यद्वेष्टा म्हणत, त्याच्या मृत्युपत्राचा हा तपशील आहे.

वक्रोक्तीने राज्यकर्त्यांना बेजार करणारे लेखक मराठीतही झाले. ‘काळ’कर्ते शिवराम महादेव परांजपे यांना १९०८ मध्ये राजद्रोहाच्या आरोपाखाली १९ महिन्यांची शिक्षा झाली ती याच गुणामुळे. स्तुतीच्या शब्दांतून निंदा वाचण्याची कला त्यांच्या वाचकांना अवगत होती आणि ती त्यांनी मनातल्या मनात ठेवली नाही. सत्ताधाऱ्याला विनोदाची भीती वाटते ती विनोदाच्या पुढे लोक काही करतील म्हणून. ते काही करणार नाहीत अशी खात्री पटली, तर तो स्वतःही त्या हसण्यात सामील होतो.

डब्लिनच्या बाजारात १७२४ साली कापडविक्याचे पत्र वाचून हसलेल्या दुकानदाराने दुसऱ्या दिवशी सकाळी वुडचे नाणे परत केले. अकरा तास कोंडून ठेवलेले पंच नऊ वेळा आपल्या मताला चिकटून राहिले. हार्डिंगने तुरुंगात जाऊनही लेखकाचे नाव उघड केले नाही. स्विफ्टच्या उपहासाला जे यश आले त्यात या सर्वांचा वाटा होता. राजकीय विनोदाचा आस्वाद घेणाऱ्या प्रत्येकाने, हसून झाल्यावर, आपल्या हातात परत करण्याजोगे एखादे नाणे आहे काय, हे एकदा मूठ उघडून पाहिले पाहिजे.